चिठ्ठी आहे, मग औषध नेता येतंच?

‘डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असली की कुठलंही औषध परदेशात नेता येतं’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. चिठ्ठी एवढंच सांगते की औषध तुमचं आहे. ते त्या देशात चालतं की नाही, हे तिथला कायदा ठरवतो.

जपानचंच बघा. एडीएचडीसाठी (लक्ष एकाग्र न होण्याच्या विकारासाठी) दिलं जाणारं अ‍ॅम्फेटामिन तिथे चिठ्ठी असली तरी नेता येत नाही. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर त्याही नाहीत. डॉक्टरांनी दिलेली साधी औषधंसुद्धा महिन्याभरापेक्षा जास्त न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन, ट्रॅमाडॉल या वेदनाशामकांनाही आगाऊ मंजुरी हवी. म्हणून निघण्याआधी त्या देशाच्या दूतावासाकडे चौकशी करावी, गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात.

आणि चिठ्ठीवर नुसतं ब्रँडचं नाव असेल तर तिथला फार्मासिस्ट गोंधळणारच. मूळ घटकाचं नाव लिहून घ्या. अर्थात तेही सगळीकडे एकच नसतं म्हणा: पॅरासिटामॉलला अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, दम्याच्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल.