लघवीची जळजळ, ‘नो ग्रोथ’चा अहवाल आणि नमुना देण्याची योग्य पद्धत

लघवीला जळजळ होते, क्वचित चिकट स्रावही दिसतो, आणि तरीही कल्चरचा, म्हणजे नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, अहवाल ‘नो ग्रोथ’ (वाढ नाही) येतो, तेव्हा आपल्याला संसर्ग आहे की नाही, असे अनेक पुरुष रुग्ण आमच्या प्रयोगशाळेत विचारतात. त्या अहवालाचा अर्थ इतकाच, की लघवीच्या नेहमीच्या कल्चरमध्ये वाढणारे जंतू त्या नमुन्यात सापडले नाहीत. मूत्रमार्गदाहाचे (लघवीच्या नळीच्या दाहाचे) प्रमुख जंतू मात्र त्या कल्चरमध्ये वाढतच नाहीत. गोनोरियाच्या जंतूला वेगळे माध्यम लागते आणि क्लॅमिडिया जिवंत पेशींच्या आतच वाढतो. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या जंतूला तर पेशीभित्तिकाच (पेशीभोवतीची भिंतच) नसते. त्यामुळे तो ग्रॅम रंजनात (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या पद्धतीत) ओळखू येत नाही, पेनिसिलिन गटातील औषधांना दाद देत नाही आणि विशेष माध्यमावरही वाढायला कित्येक आठवडे घेतो. या तिन्ही जंतूंसाठी आम्ही पीसीआर तपासणी करतो, कारण तिच्यात जंतू वाढवावे लागत नाहीत, त्यांचा जनुकीय अंश थेट शोधला जातो.

ही तपासणी वाया जाते ती बहुधा नमुन्यामुळे. कल्चरसाठी धार सुरू झाल्यावर मधली लघवी धरावी, हे सर्वांना पाठ असते, आणि त्याच सवयीने पीसीआरसाठीही मधलीच लघवी दिली जाते. येथे नेमके उलट हवे. जंतू आणि झडलेल्या पेशी मूत्रमार्गाच्या अस्तराला चिकटलेल्या असतात व पहिल्या धारेबरोबर बाहेर पडतात. ती धार सोडून दिली, तर शोधायचे तेच निघून जाते. म्हणून किमान एक तास, शक्यतो दोन तास, लघवी न करता यावे, जागा आधी धुऊ वा पुसू नये, आणि अगदी पहिले २० ते ३० मिलिलिटर डबीत धरावेत. भरपूर पाणी पिऊन काठोकाठ भरलेली डबी आम्ही परत करतो, याचा काहींना राग येतो. परंतु पातळ नमुन्यावर चुकीचा ‘निगेटिव्ह’ देण्यापेक्षा तासभर थांबवणे आम्हाला योग्य वाटते. शेवटची लघवी केव्हा केली आणि प्रतिजैविक सुरू आहे का, हेही आम्ही याचसाठी विचारतो. गोळ्या सुरू करण्यापूर्वी दिलेला नमुना सर्वांत विश्वसनीय.

युरियाप्लाझ्मा या आणखी एका जंतूची तपासणीही आमच्याकडे होते, पण तो निरोगी पुरुषांतही आढळत असल्याने डॉक्टरांनी लिहून दिल्याखेरीज आम्ही ती सुचवत नाही. हिमोफिलससारखे जंतूही काही वेळा कारण ठरतात, त्यांच्यासाठी स्रावाचे वेगळे कल्चर करता येते. सर्व तपासण्या करूनही काही रुग्णांत कारण सापडत नाही, आणि तेव्हा अहवाल आम्ही तसाच देतो.

उपचारानंतर फेरतपासणीची घाई करू नये, कारण मेलेल्या जंतूंचे अंशही पीसीआरमध्ये दिसू शकतात. उपचार संपल्यावर साधारण तीन ते चार आठवड्यांनी यावे. गोनोरिया, क्लॅमिडिया आणि मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम हे लैंगिक संबंधातून पसरतात, म्हणून ते आढळल्यास जोडीदाराचीही तपासणी आवश्यक असते, आणि ती आमच्याकडे तितक्याच गोपनीयतेने केली जाते.