सहासष्ट उल्लेख, तीन नावं

समजा, तिघांनी मिळून एक शोधनिबंध लिहिला आणि पुढच्या काही वर्षांत इतर संशोधकांनी त्याचा ६६ वेळा संदर्भ दिला. तर प्रत्येकाच्या खात्यावर किती सायटेशन, म्हणजे असे उल्लेख, मांडायची? आजचे बहुतेक डेटाबेस तिघांच्याही नावापुढे ६६ मांडून मोकळे होतात. उल्लेख झाले ६६, वाटप झालं १९८. पैशांच्या हिशेबात असं केलं तर त्याला अफरातफर म्हणतात. संशोधनाच्या जगात त्याला ‘पूर्ण मोजणी’ म्हणतात.

हे बरोबर की चूक, हा वाद निदान चाळीस वर्षं चालू आहे. पण त्याचा इतिहास चाळताना लक्षात येतं की आजची पद्धत कुणी न्याय-अन्यायाचा विचार करून ठरवलेली नाही. मोजायला जे साधन हाताशी होतं, त्याच्या सोयीने ती पडत गेली.

सुरुवात शास्त्रज्ञांनी नव्हे, वकिलांनी केली. १८७३ साली अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी एक उद्योग सुरू केला. जुन्या निकालाचा पुढे कुठल्या खटल्यात आधार घेतला गेला, हे ते गोंद लावलेल्या चिठ्ठ्यांवर छापायचे आणि वकील त्या आपल्या ग्रंथांच्या समासात चिकटवायचे. पुढे त्याचे खंड निघाले. त्या कंपनीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्याने १९५३ मध्ये माहितीशास्त्रज्ञ यूजीन गारफील्ड यांना पत्र लिहून ही पद्धत कळवली. १९५५ मध्ये गारफील्ड यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात विज्ञानासाठी अशीच सूची सुचवली आणि १९६३ मध्ये त्यांच्या संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’चा पहिला संच काढला. त्यात १९६१ सालची ६१३ नियतकालिकं आणि सुमारे १४ लाख उल्लेख होते.

इथेच पहिला घोळ झाला. छापील सूचीत जागा मोजकी, अक्षर बारीक. ज्या निबंधाचा उल्लेख झाला त्याची नोंद फक्त पहिल्या लेखकाच्या आडनावाखाली असायची. दुसरं, तिसरं, चौथं नाव तिथे नसायचंच. शोधणाऱ्याला त्याची अडचण नव्हती, कारण निबंध सापडला की काम झालं. पण थोड्याच वर्षांत लोक हीच सूची उघडून माणसांचं मोजमाप करू लागले. एखाद्याचं आडनाव काढायचं, त्याखालच्या ओळी मोजायच्या, झालं मूल्यमापन. जो कायम दुसऱ्या क्रमांकावर राहिला त्याच्या नावावर शून्य. आपल्या उदाहरणात वाटणी झाली ६६, ०, ०. न्याय्य मोजणी हवी असेल तर त्या माणसाची निबंधांची पूर्ण यादी घेऊन प्रत्येक निबंध त्याच्या पहिल्या लेखकाखाली शोधावा लागे. एवढे कष्ट कोण घेणार? स्वतः गारफील्ड यांनी १९७९ मध्ये या मर्यादेकडे बोट दाखवलं, पण तोवर सवय पडून गेली होती.

या पद्धतीचा एक बचाव तेव्हा दिला जायचा: शेकडो निबंधांवर सगळं सरासरीत जुळून येतं, कधी तुम्ही पहिले, कधी मी. हे तेव्हाच खरं, जेव्हा नावांचा क्रम नशिबावर असतो. तो तसा नसतो. समाजशास्त्रज्ञ हॅरिएट झुकरमन यांनी १९६८ मध्ये नोबेलविजेत्यांच्या निबंधांवरची नावं तपासली, तेव्हा दिसलं की ही मंडळी कीर्ती वाढेल तसं पहिलं स्थान कनिष्ठ सहकाऱ्यांना देऊ करतात. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या गोष्टीची दुसरी बाजू मांडली. नाव कुठेही असो, वाचणारा श्रेय बड्या माणसालाच देतो. म्हणजे सूची मोजते एकाला आणि समाज मानतो दुसऱ्याला.

दरम्यान निबंधांवरची नावं वाढत चालली होती. विज्ञानाचे इतिहासकार डेरेक डी सोला प्राइस यांनी १९६३ मध्येच हा आलेख काढून भाकीत केलं होतं की हा वेग टिकला तर १९८० पर्यंत एकट्याने लिहिलेला निबंध नामशेष होईल. भाकीत फसलं, एकटे लिहिणारे अजूनही आहेत. पण दिशा बरोबर होती. १९८० मध्ये डंकन लिंडसे यांनी सहलेखनाचा हा प्रश्न चव्हाट्यावर आणला आणि पुढच्याच वर्षी प्राइस यांनी ‘सायन्स’मध्ये एक छोटं पत्र लिहून सरळ वाटणी मागितली: एका निबंधाचं श्रेय एकच, लेखक जितके तितके समान भाग. ६६ चे २२, २२, २२. बेरीज जुळते. यालाच पुढे ‘अपूर्णांकी मोजणी’ म्हणू लागले.

लगेच प्रत्युत्तर आलं. समान भाग कशासाठी? पहिल्याने प्रयोग रचला, तिसऱ्याने दोन नमुने तपासले, आणि दोघांना सारखंच? हॉज आणि ग्रीनबर्ग यांनी त्याच वर्षी हरात्मक वाटणी सुचवली: पहिल्याला १, दुसऱ्याला १/२, तिसऱ्याला १/३ या प्रमाणात, आणि मग सगळ्यांची बेरीज एक होईल असं जुळवून घ्यायचं. तीन लेखकांत ती ६/११, ३/११, २/११ अशी येते, म्हणजे ६६ पैकी ३६, १८ आणि १२. ही कल्पना बराच काळ पडून होती. २००८ मध्ये निल्स हागेन यांनी तिला पुन्हा उजेडात आणलं. ३:२:१ अशा सरळ उतरत्या क्रमाने वाटायचीही एक पद्धत आहे. तिने आकडे ३३, २२, ११ होतात.

क्रमावर भार टाकला की क्रमाचा अर्थ काय, हा प्रश्न येतो, आणि तो प्रत्येक विषयात वेगळा आहे. जीवशास्त्रात पहिलं नाव हाताने काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. वरच्या सूत्रात हा प्रमुख सर्वांत कमी मिळवतो. गणितात आणि अर्थशास्त्रात नावं वर्णानुक्रमाने लागतात. तिथे हरात्मक वाटणी म्हणजे आडनावाच्या आद्याक्षराला बक्षीस. हे थट्टेत सांगत नाही. लिरान एनाव आणि लिआत यारीव यांनी २००६ मध्ये दाखवलं की अमेरिकेतल्या अग्रगण्य अर्थशास्त्र विभागांत वर्णमालेत आधी येणाऱ्या आडनावांच्या प्राध्यापकांना कायम पद मिळण्याची शक्यता जास्त असते. मानसशास्त्रात, जिथे वर्णानुक्रम पाळत नाहीत, तिथे असा फरक दिसला नाही.

याचं टोक पाहायचं असेल तर २०१५ चा हिग्ज कणाच्या वस्तुमानावरचा निबंध घ्या. सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन गटांनी तो मिळून लिहिला. ३३ पानं, त्यातली २४ नुसत्या नावांची, लेखक ५१५४. पूर्ण मोजणीत त्या प्रत्येकाच्या खात्यात अख्खा निबंध जमा होतो. हरात्मक सूत्र लावून पाहिलं तर वर्णानुक्रमाने पहिल्या आलेल्या नावाला जवळजवळ ११ टक्के श्रेय जातं आणि शेवटच्याला ४७ हजारांतला एक भाग. त्या यादीतला पहिला माणूस दोन ‘ए’ने सुरू होणारं आडनाव घेऊन जन्माला आला, एवढंच.

संगणकावरच्या सूचींनी सगळी नावं नोंदवायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या लेखकाचा अन्याय संपला. पण श्रेय वाटायच्या ऐवजी सगळ्यांना पूर्णच देऊन टाकलं, कारण आज्ञावलीला ते सोपं. २००५ मध्ये होर्गे हर्श यांनी एच-इंडेक्स आणला (ज्याच्या किमान ‘एच’ निबंधांना प्रत्येकी किमान ‘एच’ उल्लेख मिळाले, त्याचा निर्देशांक ‘एच’), तोही याच पूर्ण मोजणीवर उभा राहिला. गंमत म्हणजे सहलेखकांची संख्या हिशेबात घेऊन तो दुरुस्त करावा लागेल, हे त्यांच्या मूळ निबंधातच आहे. ते वाक्य कुणी वाचलं नाही. आकडा मात्र सगळ्यांनी उचलला. पुढे मिखाएल श्रायबर यांच्यासारख्यांनी दुरुस्त्या सुचवल्या. त्यांचा मुद्दा मला पटतो: उल्लेखांचे तुकडे करू नका, निबंधाचे करा. एच-इंडेक्ससाठी निबंध मोजताना तिघांचा निबंध एक न धरता एक तृतीयांश धरा.

संस्थांच्या मोजणीत पूर्ण पद्धतीची आणखी एक खोड निघाली. लुडो वॉल्टमन आणि नेस यान व्हान एक यांनी २०१५ मध्ये ती नीट मांडली: सहलेखनाचे निबंध सरासरीने जास्त उद्धृत होतात आणि पूर्ण मोजणीत तेच पुनःपुन्हा मोजले जातात, त्यामुळे बहुतेक सगळेच सरासरीच्या वर दिसू शकतात. विद्यापीठांची लायडन क्रमवारी म्हणूनच अपूर्णांकी मोजणीकडे झुकते.

अपूर्णांकी मोजणीलाही काटे आहेत. विद्यार्थ्याचं नाव घातलं की मार्गदर्शकाचा वाटा कमी होतो, मग ते नाव आभारांच्या ओळीत सरकायला वेळ लागत नाही. उलट पूर्ण मोजणीत नाव घालायला काहीच खर्च येत नाही, म्हणून विभागप्रमुखांची पाहुणी नावं फुकटात लागतात. १९७५ मध्ये जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याने लिहिलेल्या निबंधात सगळीकडे ‘आम्ही’ टाइप केलं होतं. नियतकालिकाला ते चालणार नाही असं कळल्यावर पुन्हा टाइप करण्याऐवजी त्याने आपल्या मांजराला एफ. डी. सी. विलर्ड या नावाने सहलेखक केलं आणि निबंध छापून आला. प्राइस यांच्या हिशेबाने अर्धं श्रेय मांजराचं.

नावांच्या क्रमातून काम ओळखायचं कशाला, कामच लिहून घ्या, हा विचार वैद्यकीय नियतकालिकांत १९९७ च्या सुमाराला पुढे आला. त्यातून गेल्या दशकात ‘क्रेडिट’ नावाची १४ भूमिकांची यादी तयार झाली: कल्पना, कार्यपद्धती, आज्ञावली, तपासणी, पहिला मसुदा, निधी मिळवणं वगैरे. अनेक नियतकालिकं आता निबंधाच्या शेवटी ती छापतात. मात्र मसुदा लिहिणं निधी मिळवण्यापेक्षा किती जड, याचं एकही वजन त्या यादीत नाही. त्यामुळे कुणी काय केलं ते कळतं, पण ६६ उल्लेख घेऊन वाटणीला बसलेल्या माणसाला तिथून एकही आकडा मिळत नाही.