टकलावरील अँड्रोजेनरोधी बाह्योपचार

आनुवंशिक टक्कल पडण्याची प्रक्रिया थोपवण्यासाठी डोक्याच्या त्वचेवर लावायच्या, पुं-संप्रेरकांचा (अँड्रोजेनांचा) केशमुळांवरील परिणाम रोखणाऱ्या औषधांना अँड्रोजेनरोधी बाह्योपचार म्हणतात. केसांचे गोल चट्टे जाणारी चाई हा वेगळा विकार असून तिच्यावर ही औषधे लागू पडत नाहीत.

वयात येण्यापूर्वी वृषणे निकामी झालेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, मात्र त्यांना टेस्टोस्टेरॉन हे प्रमुख पुं-संप्रेरक दिल्यास ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जाऊ लागतात, हे अमेरिकी संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवून दिले. टेस्टोस्टेरॉनपासून ५-अल्फा रिडक्टेज हे एंझाइम डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन (डीएचटी) तयार करते. हे संप्रेरक कपाळाच्या कडेच्या आणि टाळूवरील केशमुळांतील ग्राहींना (संप्रेरकाचा संदेश स्वीकारणाऱ्या पेशींतील प्रथिनांना) जोडले गेले, की केसांचा वाढीचा काळ आखडतो आणि जाड केसाच्या जागी लव उगवू लागते. डोक्याच्या मागच्या भागातील केशमुळे मात्र या संप्रेरकाला फारशी दाद देत नाहीत.

पोटात घ्यायच्या फिनास्टेराइडला अमेरिकेत १९९७ मध्ये पुरुषांच्या केसगळतीसाठी मान्यता मिळाली. ते एंझाइमला रोखते, ग्राहीला नव्हे. त्यामुळे काटेकोर अर्थाने ते अँड्रोजेनरोधी नसले तरी व्यवहारात त्याची गणना याच गटात होते. गोळीमुळे सर्व शरीरातील डीएचटी घटते आणि काहींना कामेच्छा कमी होणे, लिंगताठरतेत अडचण येणे असे त्रास होतात. औषध टाळूपुरतेच ठेवता येईल का, हा बाह्योपचारांमागचा मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर अंशतःच होकारार्थी आहे. युरोपातील २४ आठवड्यांच्या एका चाचणीत ०.२५ टक्के फिनास्टेराइडच्या फवाऱ्याने रक्तातील डीएचटी सुमारे ३४.५ टक्क्यांनी, तर गोळीने ५५.६ टक्क्यांनी घटले. केसांची वाढ दोहोंत जवळपास सारखीच होती. म्हणजे वरून लावलेले औषधही रक्तात उतरते, आणि रुग्णाला हे आधीच स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. फार्मसीत मिश्रण करून विकल्या जाणाऱ्या अशा द्रावणांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२५ मध्ये सावधगिरीची सूचना दिली. भारतात ५ टक्के मिनॉक्सिडिल आणि ०.१ टक्का फिनास्टेराइड यांचे संयुक्त द्रावण प्रचलित आहे. यातील मिनॉक्सिडिल हे केसवाढीचे औषध संप्रेरकांना रोखत नाही. त्याचे काम वेगळ्या मार्गाने चालते.

थेट ग्राहीवर काम करणाऱ्या औषधांपैकी क्लास्कोटेरॉन विशेष लक्षणीय आहे. ते त्वचेत डीएचटीची जागा अडवते आणि रक्तात पोहोचताच त्याचे बव्हंशी निष्प्रभ कॉर्टेक्सोलोनमध्ये रूपांतर होते. त्याचे १ टक्का मलम २०२० मध्ये अमेरिकेत मुरुमांसाठी मान्य झाले. टकलासाठी अधिक तीव्र द्रावणाच्या चाचण्या झाल्या आहेत. पाण्यात विघटन पावणारे फ्लुरिडिल चेक प्रजासत्ताकात विकसित झाले. कीटोकोनॅझोल या बुरशीरोधी औषधाच्या शाम्पूचा उपयोग पूरक म्हणून केला जातो, पण त्याबाबतचा पुरावा तोकडा आहे. आरयू-५८८४१ या संयुगाला कोणतीही वैद्यकीय मान्यता नसतानाही ते भुकटीच्या रूपात ऑनलाइन विकले जाते, आणि मात्रा व शुद्धता यांची हमी नसलेला असा पदार्थ रोज डोक्याला चोळणे धोक्याचे आहे.

पुरुष गर्भाच्या जननेंद्रियांची घडण डीएचटीवर अवलंबून असल्याने गर्भवती स्त्रियांनी फिनास्टेराइडयुक्त द्रावण वापरू नये. घरात कोणी गर्भवती असल्यास औषध लावणाऱ्याने हात धुवावेत, द्रावण पूर्ण वाळू द्यावे आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवावा. परिणाम दिसण्यास सहसा चार ते सहा महिने लागतात, आणि औषध थांबवल्यावर गळती पूर्ववत सुरू होते.