दुःस्वप्ने, कंपवात आणि रुग्णाला सांगण्याचा प्रश्न : पार्श्वभूमी

स्वप्नांवरून आजाराचा माग काढण्याची कल्पना जुनीच आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात दोषांमुळे पडणाऱ्या स्वप्नांचा वेगळा प्रकार मानलेला आहे. प्रयोगशाळेतला पुरावा मात्र अलीकडचा. १९६५ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी मांजरांच्या मेंदूच्या देठातील एका लहानशा भागाला इजा केली, तेव्हा ती झोपेतच भक्ष्यावर झडप घातल्यासारखी वागू लागली. स्वप्ने पडत असताना स्नायू सैल ठेवणारी यंत्रणा त्या भागात असते.

माणसांतील असे पाच रुग्ण अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातून १९८६ मध्ये नोंदवले गेले. त्यांतील ६७ ते ७२ वर्षांचे चार पुरुष स्वप्नातल्या झटापटीत खरोखरच हातपाय झाडत आणि स्वतःला किंवा शेजारी झोपलेल्या पत्नीला इजा करत. ‘आरईएम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर’ (स्वप्ने पडणाऱ्या झोपेतील वर्तनविकार) या नावाने ओळखला जाणारा हा विकार असलेल्या काहींनी तर रात्री स्वतःला पलंगाला बांधून घेण्याचा उपाय शोधला होता. क्लोनाझेपाम या शामक औषधाने बऱ्याच जणांचा हा त्रास आटोक्यात येतो, त्यामुळे प्रश्न झोपेपुरताच आहे असे सुरुवातीला वाटले. १९९६ मध्ये २९ पुरुषांच्या पाठपुराव्यात ३८ टक्क्यांना कंपवातसदृश आजार झाल्याचे दिसले आणि चित्र बदलले. २०१९ मध्ये अनेक देशांतील १,२८० रुग्णांच्या अभ्यासातून कंपवात किंवा तत्सम आजाराची बारा वर्षांतील शक्यता ७३.५ टक्के निघाली. या आजारांत साचणारे अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन बऱ्याच रुग्णांत आधी मेंदूच्या देठात साचते आणि हाताचा कंप पुष्कळ नंतर दिसतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

खरा वाद यानंतरचा आहे. झोपेत ओरडतो एवढीच तक्रार घेऊन आलेल्या माणसाला त्याच्या भविष्याबद्दल काय सांगायचे? कंपवात थांबवणारे किंवा टाळणारे औषध आजही नाही. मग वर्षानुवर्षांची धास्ती त्याच्या माथी का मारावी, असे एका गटाचे म्हणणे आहे, आणि ते सहृदयतेतून आलेले आहे. तरीही रुग्णापासून हे दडवणे समर्थनीय वाटत नाही. निवृत्ती, मुलांची लग्ने, घर, मृत्युपत्र यांचे निर्णय ज्याला घ्यायचे आहेत त्याला माहितीचा हक्क आहे. शिवाय मोबाइलवर विकाराचे नाव शोधले की तीच टक्केवारी समोर येते, तीही समजावून सांगणारे कोणी जवळ नसताना. म्हणून ‘तुम्हाला कितपत जाणून घ्यायचे आहे?’ असे आधी विचारून उत्तराप्रमाणे बोलण्याची पद्धत पुढे आली. ती योग्य असली, तरी त्यासाठी लागणारा निवांत वेळ गर्दीच्या ओपीडीत मिळत नाही.

२०२२ पासून नुसत्या वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांचा कंपवाताशी आणि स्मृतिभ्रंशाशी, तर २०२४ मध्ये ल्यूपस या, शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याच्या, आजाराशीही संबंध दाखवला गेला. हे संबंध निरीक्षणांतून दिसलेले आहेत, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, आणि हातपाय झाडण्याच्या विकाराची टक्केवारी या स्वप्नांना लावता येत नाही. मानसिक आघात, झोपेत श्वास अडकणे, रक्तदाबावरची काही बीटा-ब्लॉकर औषधे यांमुळेही वाईट स्वप्ने पडतात, आणि तपासणीत ही कारणे आधी पाहावी लागतात.