पडसाद वेगळा, शेजाऱ्याची हाक वेगळी

चोपड्याजवळ मामांच्या केळीच्या बागेत खोल दगडी विहीर आहे. फुटव्हॉल्व्ह बघायला मी एकदा तळाशी उतरलो होतो. वरून मामा ओरडले, "दोर सोड!" शब्द भिंतींवर आपटत, एकमेकांवर चढत खाली आले, शेवटचा "सोड" तेवढा कळला. थोड्या वेळाने पुन्हा मामा म्हणाले "दोर सोड", आणि त्याच क्षणी सालदार म्हणाला "भाऊ, दोर ओढा". पुन्हा गोंधळ, पण या खेपेला जात वेगळी.

पाण्याखालच्या ध्वनी-मोडेमांचंही, म्हणजे आवाजातून संदेश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या यंत्रांचंही, असंच होतं. दोन्ही गोंधळांना आपण सरसकट "इंटरफेरन्स" (व्यत्यय) म्हणतो आणि मग भलत्याच दुखण्यावर औषध करत बसतो.

समुद्राच्या पाण्यात रेडिओलहरी लवकर विरतात, म्हणून संदेश आवाजाने पाठवतात. तो थेट येतो, तसा पृष्ठभागावर आणि तळावर आदळूनही येतो. मागे राहिलेली नक्कल पुढच्या अक्षरावर पडते. हा पडसाद. इथे जोर वाढवून उपयोग नाही, पडसादही तेवढाच वाढतो. त्याऐवजी संदेशाआधी दोघांना ठाऊक असलेली खूण पाठवतात. तिच्यावरून वाटांचा अंदाज येतो आणि इक्वलायझर, म्हणजे घेणाऱ्या मोडेममधली दुरुस्तीची सोय, नक्कल निस्तरतो.

शेजाऱ्याच्या हाकेचं तसं नाही. जोर वाढवला तर आपलं भागतं, दुसऱ्याचं बुडतं. म्हणून जवळच्या मोडेमने हळू बोलायचं, नाहीतर दूरचा झाकला जातो. दुसरा उपाय पाटाच्या पाण्यासारखी पाळी लावण्याचा, आणि खरी गंमत इथेच आहे. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1,500 मीटर जातो. ऐकणाऱ्यापासून एक मोडेम 1.5 किलोमीटरवर, दुसरा 3 किलोमीटरवर. दोघे एकाच क्षणी अर्धा सेकंद बोलले तरी ऐकणाऱ्याकडे टक्कर होत नाही, कारण दुसऱ्याचा आवाज एक सेकंद उशिरा पोचतो. उलट जवळचा शहाणपणाने एक सेकंद थांबून बोलला, तर दोघे नेमके एकमेकांवर आदळतात! त्यामुळे पाळी बोलण्याच्या वेळेवर नाही, पोचण्याच्या वेळेवर लावावी लागते.

प्रत्येकाला वेगळा सांकेतिक कोड देऊन सगळ्यांना एकदम बोलू देण्याचीही पद्धत आहे. मात्र पडसाद जास्त असला की कोड एकमेकांत मिसळतात आणि पहिलं दुखणं दुसऱ्याला वाढवतं. म्हणून तपासताना आधी बाकीचे सगळे मोडेम गप्प करा आणि एकालाच बोलायला लावा. जोर पुरेसा असूनही अक्षरं बिघडली, तर शेजाऱ्याला दोष देण्याआधी पडसाद मोजा.