कुत्र्याच्या पंजांची लूत

माइट या अतिसूक्ष्म किड्यांमुळे कुत्र्याच्या पायाच्या बोटांत, बेचक्यांत आणि नखांच्या मुळाशी होणारा कातडीचा रोग. माइटला आपण किडा म्हणतो, पण तो कोळी आणि गोचीड यांच्या कुळातला, आठ पायांचा जीव आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातल्या मराठी घरांत या रोगाला सरसकट ‘लूत’ किंवा ‘खरूज’ म्हणतात. शेजारचा कन्नड माणूस ‘कज्जी’ म्हणतो. एकाच शब्दात दोन-तीन निराळे रोग कोंबले जातात आणि औषध चुकते ते इथेच.

पंजातला सर्वांत चिवट रोग डेमोडेक्स माइटचा. चिरुटासारखा लांबट, पाव मिलिमीटरहून लहान असा हा जीव केसाच्या मुळाशी राहतो. निरोगी कुत्र्याच्या अंगावरही तो थोड्या संख्येने असतोच. जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्लू आईच्या पोटाला चिकटून दूध पिते, तेव्हा तो आईकडून पिल्लाकडे येतो. कुत्र्याची प्रतिकारशक्ती ढासळली की त्याची संख्या बेसुमार वाढते, केसांची मुळे फुटतात आणि त्यात जंतू शिरून पू होतो. ही लूत मोठ्या कुत्र्यांत एकाची दुसऱ्याला लागत नाही, माणसालाही लागत नाही. तरी असे कुत्रे घराबाहेर काढल्याचे, पोत्यात घालून लांब शेतात सोडून आल्याचे गावोगाव ऐकायला मिळते. तो निव्वळ अन्याय आहे.

लागणारी खरूज निराळी. ती सारकॉप्टिस माइटची. त्याची मादी कातडीत बोगदा करून अंडी घालते आणि सुमारे तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. कानाच्या कडा, कोपर, मागच्या पायाचे घोटे आणि पोट ही तिची आवडती ठिकाणे. तिथून ती पायावर उतरते. खाज एवढी भयंकर की कुत्रे रात्रभर झोपत नाही. कानाची कड दोन बोटांत धरून हलके चोळली की बरीच खरजेली कुत्री मागचा पाय आपोआप झाडू लागतात. ही खूण दवाखान्यात जाण्याआधी घरीही पाहता येते. अशा कुत्र्याला कुशीत घेणाऱ्या मुलांच्या हातांवर आणि पोटावर लाल पुटकुळ्या उठतात. मात्र कुत्र्याचा हा माइट माणसाच्या कातडीत वंश वाढवू शकत नाही, म्हणून कुत्रे बरे झाले की त्या सहसा विरतात. माणसाच्या खरजेमागे असाच एक माइट आहे, हे बोनोमो आणि चेस्तोनी या इटालियन संशोधकांनी १६८७ मध्ये सूक्ष्मदर्शकातून दाखवले. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवामुळे रोग होतो हे सिद्ध करणाऱ्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी ते एक.

तिसरा प्रकार गवतातल्या माइटच्या पिल्लांचा. ही सहा पायांची, नारिंगी-तांबडी पिल्ले बोटांच्या बेचकीत घोळक्याने चिकटतात आणि विटेची पूड सांडल्यासारखी दिसतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर वाढलेल्या गवतातून फिरणाऱ्या कुत्र्यांत ती शोधावीत.

पंजा कसा पाहावा : कुत्र्याला कुशीवर निजवावे, बॅटरीचा उजेड घ्यावा आणि तळपायाच्या दोन गाद्यांमध्ये अंगठा हलकेच दाबून बोटे फाकवावीत. निरोगी बेचकी कोरडी असते, कातडी मऊ आणि पातळ लागते. लुतीच्या पंजात केस गेलेले असतात, कातडी जाड, सुजलेली आणि करडी-निळसर झालेली असते. गाठ दाबली तर रक्तमिश्रित पू येतो, आंबूस वास येतो. पांढऱ्या कुत्र्याच्या पंजाचे केस गंजासारखे तांबूस झाले असतील तर ते रक्त नव्हे, सतत चाटल्याने लागलेला लाळेचा रंग आहे.

चाटणारा प्रत्येक पंजा लुतीचा नसतो. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस धो धो पडतो. चिखलणीच्या दिवसांत धन्याबरोबर दिवसभर भातखाचरात वावरणाऱ्या कुत्र्याची बेचकी भिजून पांढरी पडते. माणसाला चिखल्या होतात तसाच प्रकार. ओल माइट आणत नाही, पण कातडी नरम करून जंतूंना आणि बुरशीला वाट मोकळी करते. दिवाळीनंतर गवत वाळले की एखादे कुसळ बोटात घुसते आणि एकाच पायावर गाठ येते. अथणी, रायबागच्या कोरड्या भागात बेचकीत गोचीड दडून बसते. शिवाय ॲलर्जी आहेच, आणि पंजे चाटण्याचे ते फार नेहमीचे कारण आहे.

म्हणून औषधाआधी तपासणी. डॉक्टर बोथट ब्लेडला तेलाचा थेंब लावतात, कातडी चिमटीत दाबून थोडे रक्त पाझरेपर्यंत खरवडतात आणि ते काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. डेमोडेक्स खोल असतो, वरवर खरवडून सापडत नाही. पंजावर हे फार दुखते, म्हणून कधी चिमट्याने केस मुळासकट उपटून पाहतात. सारकॉप्टिस मात्र पुष्कळदा हाती लागत नाही; तिथे लक्षणांवरून औषध सुरू करणे योग्य. न तपासता दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन हा या रोगातला सर्वांत मोठा धोका. खाज थांबते, मालक खूश होतो, आणि दबलेल्या प्रतिकारशक्तीचा फायदा घेऊन डेमोडेक्स चारही पायांवर पसरतो.

उपचार : २०१३ नंतर आयसोऑक्साझोलिन गटातली औषधे आली आणि लुतीचे चित्र पालटले. अफॉक्सोलानर, सॅरोलानर किंवा लोटिलानरची चघळायची गोळी महिन्यातून एकदा देतात. फ्लुरालानर साधारण बारा आठवडे पुरते. वजनाप्रमाणे दिली तर ती माइट आणि गोचीड दोन्हींवर चालतात. फिट येणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र डॉक्टरांना आधी सांगायला हवे. गोठ्यातली आयव्हरमेक्टिनची, म्हणजे गुरांच्या जंतांवरच्या औषधाची, बाटली काढून अंदाजाने टोचण्याची सवय वाईट. या औषधाच्या शोधासाठी कॅम्पबेल आणि ओमुरा यांना २०१५ चे नोबेल मिळाले, औषध मोठेच आहे. पण कोली ही मेंढ्या राखणारी विलायती जात आणि तिच्या जवळच्या जातींतल्या अनेक कुत्र्यांच्या मेंदूत ते शिरते आणि कुत्रे बेशुद्ध होऊन मरू शकते. गुरांच्या गोचिडांसाठी आणलेले अमिट्राझही कुत्र्याला वापरतात. ते प्रमाणात पातळ करून, हातमोजे घालून, मोकळ्या हवेत लावावे लागते. मांजराला ते विषारी आहे आणि मधुमेह असलेल्या माणसाने ते हाताळू नये.

जळके ऑइल, रॉकेल, फिनेल यांतले काहीही पंजाला लावू नये. कातडी भाजते, आणि कुत्रे पंजा चाटते म्हणजे ते सारे पोटात जाते. करंज तेल आणि हळद लावल्याने कोरड्या कातडीला बरे वाटेल, पण केसाच्या मुळात बसलेला डेमोडेक्स त्याने जात नाही. पू असेल तर क्लोरहेक्सिडिन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइडच्या शॅम्पूने पंजे धुवावेत. शॅम्पू दहा मिनिटे राहू द्यावा, तोवर पाय धरून बसावे, मग धुऊन कोरडे पुसावेत. खोल जखमेला डॉक्टर काही आठवड्यांची प्रतिजैविके देतात.

पंजा सर्वांत उशिरा बरा होतो. अंगावर नवे केस येतात, कुत्रे धावू लागते, आणि नेमकी तेव्हाच गोळी बंद केली जाते. डेमोडेक्सचे औषध महिन्या-महिन्याच्या अंतराने खरवडून लागोपाठ दोनदा एकही माइट सापडला नाही, तरच थांबवायचे. याला कित्येक महिने लागू शकतात.

प्रतिबंध : शेतातून आल्यावर पाय साध्या पाण्याने धुऊन बेचक्या फडक्याने कोरड्या कराव्यात, म्हणजे कुसळ आणि गोचीडही तेव्हाच सापडते. सारकॉप्टिस निघाला तर घरातल्या आणि मळ्यातल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच वेळी औषध द्यावे, नाहीतर खरूज फिरत राहते. निजायचे गोणपाट कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे किंवा जाळून टाकावे. नुसत्या भाकरीच्या तुकड्यांवर वाढणाऱ्या पिल्लाला अंडे आणि मांस मिळायला हवे, जंताचे औषधही वेळेवर. अंगभर डेमोडेक्सची लूत झालेल्या कुत्रीची पैदास करू नये. माजावर आल्यावर किंवा गाभण राहिल्यावर रोग उलटतो आणि हा दुबळेपणा पिल्लांतही उतरतो, म्हणून तिची नसबंदी करणे बरे. बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ इथून फार लांब नाही, आणि तिथल्या शिकारी कुत्र्याचे पिल्लू आणण्याची हौस या भागात पुष्कळांना असते. पिल्लू पसंत करताना त्याच्या आईला मागवून तिचे चारही पंजे उघडून पाहावेत. याउलट सहा-सात वर्षांच्या कुत्र्याला पहिल्यांदाच डेमोडेक्स झाला, तर पंजावर न थांबता रक्त तपासावे. थायरॉइडची कमतरता, कुशिंगचा रोग (शरीरातच कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होणे) किंवा गोचीडताप पुष्कळदा अशा वेळी त्याच्यामागे सापडतो.