बेघर कुटुंबाला आधी ‘तयार’ करावं लागतं का?

अमेरिकेतल्या बेघर कुटुंबांबद्दल एक समज वर्षानुवर्षं चालत आलाय: आई-बापांना आधी नोकरी, शिस्त, समुपदेशन, घराची किल्ली त्यानंतर. थेट घर दिलं तर टिकवणार नाहीत म्हणे!

तिथल्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याने हे तपासलंच. १२ ठिकाणची २,२८२ कुटुंबं, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वेगवेगळ्या गटांत वाटली आणि तीन वर्षं माग ठेवला. संक्रमण निवासाच्या, म्हणजे ठरावीक मुदतीचं घर आणि सोबत समुपदेशनासारखी मदत मिळालेल्या गटातली कुटुंबं कमाईत किंवा मानसिक स्वास्थ्यात इतरांच्या पुढे गेली नाहीत. बेघरांसाठीच्या तातडीच्या निवाऱ्याचा (शेल्टरचा) खर्च तर कुटुंबामागे महिन्याला सुमारे ४,८०० डॉलर. ‘रॅपिड री-हाउसिंग’ म्हणजे खासगी भाड्याचं घर शोधायला मदत आणि जास्तीत जास्त दीड वर्ष भाड्याला हातभार. हे महिन्याला साधारण ८८० डॉलरमध्ये भागलं.

पण हीही जादूची कांडी नव्हे. या कुटुंबांचं पुन्हा बेघर होणं नेहमीच्या पद्धतीइतकंच, म्हणजे निवाऱ्यात राहून मिळेल ती मदत स्वतःच शोधणाऱ्या कुटुंबांइतकंच राहिलं; पैसे वाचले, एवढंच. ते प्रमाण जवळपास निम्म्यावर आणलं ते दीर्घ मुदतीच्या भाडे-अनुदानाने. त्याचा तीन वर्षांचा एकूण खर्च? नेहमीच्या पद्धतीपेक्षा सुमारे ९ टक्के जास्त.